मराठी टिकली खरी, पण कुठल्या रकान्यात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मॉरिशस म्हणजे आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढा देश. तिथे सरकारी शाळेत मराठी शिकवतात, टीव्हीवर मराठी कार्यक्रम लागतात, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या गरीब देशाला मूठभर लोकांच्या भाषेसाठी हे सगळं कसं काय जमलं? आणि मराठी तिथे खरंच जिवंत आहे का?’

जिल्ह्याएवढा म्हणणंही जरा उदारपणाचं आहे. सगळी बेटं धरून देश दोन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या सिंधुदुर्गाच्या निम्म्याहून लहान. मी तिथे काही वर्षं प्राथमिक शाळांमधल्या मराठी शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं आणि पाठ्यपुस्तकांचं काम केलं. त्या अनुभवावरून पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो: जमलं, कारण सरकारने भाषा बोलणारी माणसं मोजली नाहीत, समाज मोजले. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच दडलंय, पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१८१० साली इंग्रजांनी हे बेट फ्रेंचांकडून घेतलं, पण तहात तिथल्या लोकांचे कायदे, धर्म आणि रीतीरिवाज राखायचं कबूल केलं. त्यामुळे राज्य इंग्रजांचं आणि रुबाब फ्रेंचचा, असा प्रकार सुरू झाला. आजही सरकारी कागद इंग्रजीत आणि वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये. मळ्यांवरच्या गुलामांनी फ्रेंचमधून घडवलेली क्रेऑल ही रस्त्याची, बाजाराची आणि भांडणाची भाषा. १८३५ मध्ये गुलामी संपली. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ ला, उसाच्या मळ्यांसाठी गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, आणायला सुरुवात झाली होती. पुढच्या काही दशकांत साडेचार लाखांच्या वर माणसं आली. बहुतेक कलकत्त्याहून, त्याखालोखाल मद्रासहून, आणि थोडी मुंबई बंदरातून. या ‘थोडी’मध्ये आपले कोकणातले लोक. आकडा लहान होता हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

भाषा आणि सत्ता यांची गाठ तिथे स्वातंत्र्याच्या आधीच पडली. १९४७ च्या राज्यघटनेने मताचा अधिकार मालमत्तेवरून काढून साक्षरतेवर आणला. बेटावर वापरात असलेल्या भाषेत साधी वाक्यं लिहिता-वाचता आली की मत. मग काय, बासदेव बिसूनदयाल यांच्या जन आंदोलनाने गावोगावच्या बैठका कामाला लावल्या. बैठका म्हणजे ‘बैठका’च, हाच शब्द तिथे रूढ आहे: गावातली एक खोली, संध्याकाळी कंदील, दिवसभर ऊस तोडून आलेली माणसं आणि हिंदी मुळाक्षरं. १९४८ च्या निवडणुकीत मतदार सुमारे १२ हजारांवरून ७२ हजारांवर गेले. आपल्याकडे साक्षरता म्हणजे शिक्षण खात्याचा विषय. तिथे ‘अ आ इ ई’ ही सरळ मतपेटीची किल्ली होती. ज्यांच्या आजोबांनी अशी अक्षरं गिरवून मत मिळवलं, त्यांना ‘ही भाषा आता घरात कोण बोलतं?’ असं विचारलं तर राग येणारच. मी एकदा विचारलं होतं, नंतर नाही विचारलं.

आता स्वातंत्र्य. १२ मार्च १९६८ ही तारीख सगळे उत्साहाने सांगतात, पण आधीच्या ऑगस्टमधल्या निवडणुकीत ४४ टक्के मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली होती, हे क्वचितच सांगतात. ‘हिंदू राज्य येईल’ ही भीती त्यामागे होती. आणि स्वातंत्र्याच्या तोंडावर, जानेवारी १९६८ मध्ये, राजधानी पोर्ट लुईमध्ये क्रेऑल (त्या गुलामांच्या वंशजांच्या समाजालाही हेच नाव आहे) आणि मुस्लिम वस्त्यांमध्ये दंगल पेटली. इंग्रज सैन्य बोलवावं लागलं. अशा वेळी सर शिवसागर रामगुलाम यांच्या सरकारपुढे प्रश्न भाषेचा नव्हताच. घर फुटू न देण्याचा होता.

राज्यघटनेकडे बघा. देशाची राजभाषा कोणती, यावर ती गप्प आहे. फक्त संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी, आणि सभासदाला अध्यक्षांना उद्देशून फ्रेंचमध्ये बोलता येईल, एवढं ४९ वं कलम सांगतं. बहुसंख्य लोक जी बोलतात त्या क्रेऑलचा उल्लेख नाही, हिंदीचा नाही, भोजपुरीचा नाही. समाजांचा मात्र आहे. परिशिष्टात चार समाज मोजून दिलेत: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन, आणि या तिन्हींत जे बसत नाहीत ते सगळे ‘जनरल पॉप्युलेशन’. निवडून आलेल्या ६२ जागांमध्ये एखादा समाज कमी पडला तर हरलेल्यांपैकी जास्तीत जास्त आठ उमेदवारांना ‘बेस्ट लूझर’ म्हणून आत घ्यायचं. यासाठी समाजाचे आकडे अजून १९७२ च्या जनगणनेचेच धरतात, कारण त्यानंतर जनगणनेत समाज विचारणंच बंद झालं. आपला समाज सांगायला नकार देणाऱ्या उमेदवारांचे अर्ज फेटाळले गेले, प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेलं आणि २०१२ मध्ये समितीने मॉरिशसच्या विरोधात मत दिलं. पद्धत तरी पुरती गेली नाही. कारण ती काढली तर त्या जागी काय ठेवायचं, यावर कुणाचं एकमत नाही.

मराठी माणूस या चौकटीत ‘हिंदू’मध्ये मोजला जातो. पण हिंदूंमध्ये संख्याबळ हिंदी-भोजपुरीवाल्यांचं. तमिळ, तेलुगू, मराठी यांना वेगळं दिसायचं असेल तर घटनेत दार नाही. मग दार कुठे शोधलं? भाषेत. ‘आम्ही वेगळे, कारण आमची पूर्वजांची भाषा वेगळी.’ हे सगळं तिथे उघड बोलतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. सरकारलाही हे सोयीचं होतं. सत्तेतला वाटा वाटण्यापेक्षा तासिका, अनुदान आणि सुट्ट्या वाटणं स्वस्त पडतं. तमिळांना थाइपूसम कावडी, तेलुगूंना उगादी, मराठींना गणेश चतुर्थी, चिन्यांना वसंतोत्सव, असं सुट्ट्यांचं वाटपही त्याच मापाने झालं. १९७० मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते मोका इथे महात्मा गांधी इन्स्टिट्यूटची पायाभरणी झाली. भारतीय भाषांचे वरचे वर्ग आणि शिक्षक तिथे तयार होऊ लागले. मराठीची पदवीही तिथेच मिळते. पुढे भाषांसाठी कायदे करून ‘स्पीकिंग युनियन’ स्थापन झाल्या, त्यात मराठीचीही आहे. शिवाय मराठीचं सांस्कृतिक केंद्र वेगळं, मंडळांची फेडरेशन वेगळी. समाज एवढासा, पण अध्यक्ष भरपूर. (हे मी हसत लिहितोय, कारण मंडळ म्हटलं की दोन वर्षांत दुसरं मंडळ निघतं ही परंपरा बोटीतून बरोबर गेलेली दिसते.)

जनगणनेचा अर्ज या राजकारणाचा आरसा आहे. मी तिथे असताना २०११ ची मोजणी झाली. मी ज्यांच्याकडे राहत होतो त्या घरी मोजणीदार आले, तेव्हा मी ओसरीवरच बसलो होतो. अर्जात भाषेचे दोन वेगळे प्रश्न होते: तुमच्या पूर्वजांची भाषा कोणती, आणि घरात बहुतेक वेळा कोणती बोलता. घरातल्या आजींनी पहिल्याला ठामपणे ‘मराठी’ सांगितलं, दुसऱ्याला तितक्याच सहज ‘क्रेऑल’. धर्माच्या रकान्यातही ‘मराठी’. मी चमकलो. माझ्या डोक्यात मराठी हा धर्म असू शकतो ही कल्पनाच नव्हती. तिथल्या जनगणनेच्या यादीत मात्र हिंदू, सनातनी, आर्य समाजी, तमिळ, तेलुगू यांच्या रांगेत मराठी हेही उत्तर आहे. आजींना गणपतीची आरती सगळ्या कडव्यांसकट पाठ, एकही शब्द न चुकता. पण ‘आजी, पाणी देता का?’ म्हटलं की त्या सुनेकडे बघायच्या आणि क्रेऑलमध्ये विचारायच्या, ‘की ली पे दिर?’ म्हणजे, हा काय म्हणतोय?

क्रेऑलचं काय झालं, ते समजल्याशिवाय मराठीचं समजणार नाही. २०११ च्या मोजणीत ८० टक्क्यांच्या वर लोकांनी घरची भाषा क्रेऑल सांगितली. सगळ्यांची भाषा, म्हणून कुणाचीच नाही. १९८२ मध्ये ‘एक लोक, एक राष्ट्र’ म्हणणाऱ्या एमएमएम पक्षाच्या आघाडीने मॉरिशस बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या. त्यांना क्रेऑल राष्ट्रभाषा व्हावी असं वाटत होतं. १२ मार्च १९८३ ला सरकारी प्रसारणात राष्ट्रगीत क्रेऑलमध्ये लागलं. मूळ गीत इंग्रजीत आहे. गदारोळ झाला. सरकार फुटलं, एमएमएमचे नेते पॉल बेरांजे आणि त्यांचे मंत्री दहा-बारा दिवसांत बाहेर पडले, पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ यांनी नवा पक्ष काढला आणि ऑगस्टमध्ये पुन्हा निवडणूक जिंकली. भांडणाची खरी कारणं आर्थिक धोरण आणि सत्तेची रस्सीखेच हीही होती, एकट्या गाण्याने सरकार पडत नाही. पण प्रचारात पुढे काय आलं? ‘तुमच्या पूर्वजांची भाषा काढून घेतील.’ त्याच वर्षीच्या जनगणनेत बऱ्याच मुस्लिम कुटुंबांनी पूर्वजांची भाषा म्हणून उर्दू न लिहिता अरबी लिहिली. त्यांचे आजे-पणजे भोजपुरी, उर्दू किंवा गुजराती बोलणारे होते. म्हणजे ‘पूर्वजांची भाषा’ हा इतिहासाचा प्रश्न राहिलेलाच नव्हता.

नंतरचे दोन प्रसंग सांगतो, कारण तिथल्या कुठल्याही शिक्षकाशी बोलताना ते निघतातच. पहिला परीक्षेचा. प्राथमिक शाळा संपताना सीपीई नावाची परीक्षा होती. तिच्या क्रमांकावर चांगली माध्यमिक शाळा मिळायची. हिंदी, उर्दू, तमिळ, मराठी अशा पौर्वात्य भाषांचे गुण या क्रमवारीत धरायचे का, हे प्रकरण न्यायालयात गेलं. जी मुलं अशी कुठलीच भाषा घेत नाहीत, म्हणजे बहुतेक क्रेऑल समाजातली, त्यांच्यावर अन्याय होतो, असं आईबापांचं म्हणणं. जगन्नाथांनी घटनादुरुस्ती करून हे गुण धरायचा प्रयत्न केला, दुरुस्ती पडली, त्यांनी संसद विसर्जित केली आणि डिसेंबर १९९५ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. अकरा वर्षांच्या पोरांच्या गुणपत्रिकेवरून सरकार गेलं, असा देश दुसरा मला माहीत नाही.

दुसरा प्रसंग नोटांचा. मॉरिशसच्या रुपयाच्या नोटेवर किंमत आधी इंग्रजीत, मग तमिळमध्ये, मग हिंदीत छापलेली असायची. नोव्हेंबर १९९८ मध्ये नव्या नोटा आल्या आणि त्यांच्यावर हिंदी वर, तमिळ खाली. तमिळ समाज रस्त्यावर आला. त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्ही फ्रेंचांच्या काळात कारागीर म्हणून आलो, उत्तरेतले लोक नंतर आले, तेव्हा आमची ओळ वर. बँक ऑफ मॉरिशसने त्या नोटा मागे घेतल्या आणि जुन्या क्रमाने पुन्हा छापल्या. नोटेवर मराठी नाही. यावर मी एका ज्येष्ठ मराठी शिक्षकांना डिवचलं, तर ते शांतपणे म्हणाले, ‘गुरुजी, नोटेवर नाही, पण पगारपत्रकावर आहे.’

हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका. सरकारी शाळेत मराठीचा शिक्षक म्हणजे पक्की सरकारी नोकरी. समाज एवढासा असताना इतक्या घरांत मराठीवर चूल पेटते ही मोठी गोष्ट आहे. भाषा टिकवण्याच्या कामात भावनेपेक्षा पगार जास्त टिकतो, हे मी तिथे शिकलो.

आता वर्गात चला. सकाळचा तास सुरू असतो, घंटा होते आणि वर्ग फुटतो. हिंदीची मुलं एका खोलीत, उर्दूची दुसऱ्या, तमिळ, तेलुगू आणखी कुठे. मराठीची सहा मुलं आणि त्यांच्या मिस व्हरांड्याच्या टोकाला, कारण खोली उरलेली नाही. पूर्वी या तासाला क्रेऑल समाजातली मुलं वर्गातच बसून राहायची, चित्रं काढत नाहीतर नुसतीच. त्यांना पूर्वजांची भाषा नाही, असं सरकारने ठरवलेलं. गुलामीने त्यांच्या पूर्वजांच्या भाषा पुसल्या आणि शाळेने तो रिकामा तास दिला.

मराठीच्या मिस शिकवतात कशातून? क्रेऑलमधून. कागदोपत्री कुठेही लिहिलेलं नाही, पण दुसरा इलाज नाही. क्रेऑलमध्ये ‘मो मांझे, तो मांझे, ली मांझे’ म्हटलं की मी खातो, तू खातोस, तो, ती, ते सगळे खाऊन मोकळे. क्रियापद हलत नाही, लिंग नाही. आणि आम्ही त्या पोरांपुढे तो खातो, ती खाते, ते खातं असा पंक्तिप्रपंच मांडायचो. एका मुलीने विचारलं, टेबल बाई आहे की बुवा? ‘ते टेबल’ म्हटल्यावर तिने ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, ती मी विसरलो नाही. शेवटी आम्ही व्याकरण बाजूला ठेवलं आणि दोन भाषांची वाक्यं शेजारी शेजारी लिहायला लागलो. त्याने फरक पडला. ज्या भाषेला शाळेत जागा नव्हती, तिच्या खांद्यावर बसून मराठी वर आली.

पुस्तकांची गोष्टही सांगायला हवी. महाराष्ट्रातून एकदा भेट म्हणून पुस्तकांचे गठ्ठे आले. पाठवणाऱ्यांची नावं घेत नाही, त्यांचा हेतू चांगला होता. पहिल्याच धड्यात हुरडा, पुढे बैलपोळा, मग एसटीचा प्रवास. ‘की एते सा?’ हे काय असतं, हा प्रश्न प्रत्येक ओळीला. हुरडा समजावताना माझा अर्धा तास गेला, ज्वारी त्या मुलांनी पाहिलेलीच नव्हती. त्यांना ऊस दाखवा, दालपुरी दाखवा, चक्रीवादळाची सुट्टी दाखवा. तिथल्या मराठी मंडळींची ‘झाकरी’ आहे, आपल्या कोकणातल्या जाखडीचीच बहीण. तिच्यातली गाणी पुस्तकात घ्या म्हणून आम्ही बरंच डोकं फोडलं. आक्षेप आला की ती मराठी ‘शुद्ध’ नाही. घरातली उरलीसुरली मराठी शाळेने अशुद्ध ठरवायची आणि मुलांनी पुण्याची मराठी पाठ करायची, मग घरात कोण बोलणार? भोजपुरीचं याहून वाईट झालं. एके काळी गावांत तमिळ-तेलुगू घरंसुद्धा ती बोलायची. २००० च्या जनगणनेत घरी भोजपुरी बोलणारे १२ टक्के होते, ११ वर्षांनी ५ टक्क्यांच्या आसपास. शाळेत तिच्या जागी हिंदी होती ना. पूर्वजांची भाषा मानाची, पूर्वजांची बोली नाही.

२०१२ च्या जानेवारीत क्रेऑल शाळेत आली. त्याआधी शासनाने लेखनाचे नियम ठरवून घेतले, आर्नो कारपुरान यांचा क्रेऑलमधूनच लिहिलेला शब्दकोश २००९ मध्ये आलेला होता. पण ती आली कुठे ते पाहा. शिकवण्याचं माध्यम म्हणून नाही, राष्ट्रभाषा म्हणून नाही. ती आली हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी, अरबी यांच्याच तासाला, ऐच्छिक विषय म्हणून. म्हणजे क्रेऑल समाजाची पूर्वजांची भाषा म्हणून. १९८३ मध्ये सगळ्यांची भाषा म्हणून जिला नाकारलं, ती तीस वर्षांनी एका समाजाची भाषा झाल्यावर दारातून आत आली. तो रिकामा तास भरला हे फार चांगलं झालं, यात मला शंका नाही. पण जुनी चौकट तशीच राहिली, उलट आणखी घट्ट झाली.

म्हणून प्रश्नकर्त्याला सांगतो: मराठीला तिथे सरकारने जगवलं, हे खरं आहे. २०२३ मध्ये मोका इथे शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला, अनावरणाला महाराष्ट्रातून उपमुख्यमंत्री गेले. त्याचे फोटो बघून आपला ऊर भरून येतो. पण हे जगवणं एका समाजाची खूण म्हणून आहे, बोलण्याची भाषा म्हणून नाही. हे वाईट आहे का? मला पूर्वी वाटायचं. आता तितकं वाटत नाही. पावणेदोनशे वर्षं, पाच-सहा पिढ्या, एवढ्या काळात बहुतेक ठिकाणी खूणही उरत नाही. आणि १९६८ च्या भेदरलेल्या देशात भाषा वाटून दंगली टाळता आल्या असतील, तर तो सौदा मी तरी महाग म्हणणार नाही. त्याची किंमत ज्यांच्याकडून वसूल झाली ती मुलं मराठी नव्हती, वर्गात रिकामी बसलेली होती, एवढं विसरू नये.

क्रेऑल सुरू झाली त्या वर्षी पहिलीच्या प्रवेशाचा अर्ज घेऊन एक आई माझ्याकडे आली. भाषांची यादी, प्रत्येकीपुढे चौकोन, खूण एकाच चौकोनात करायची. ‘क्रेऑल त्याला येतेच, ती लिहायला शिकला तर अभ्यास सोपा होईल ना?’ मी म्हटलं, होईल. ‘आणि मराठी नाही घेतली तर?’ मी काहीतरी गोलगोल बोललो. मला तिथे पगार मराठीचा होता. तिने थोडा वेळ पेन तसंच धरून ठेवलं, मग मराठीपुढे खूण केली आणि मुलाला हाक मारली, ‘विनी, आनू आले.’ चल, निघू या.